अंगठा कुणाचा, किल्ली कुणाची?

(बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या मैत्रिणींच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

शिबिराच्या पत्रिकेत या सत्राचं नाव 'मोबाइलची सुरक्षितता' असं छापलं आहे. ते वाचून काही जणींना वाटलं असेल, की आता कुणी तरी कॉम्प्युटरवाली येऊन आपल्याला बटणं दाबायला शिकवणार. बटणांचं आपण बोलणार आहोतच. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. फोन विकणारा दुकानदार तो विचारत नाही, आणि फोन घेऊन देणारा भाऊ किंवा नवरा तर नाहीच नाही. प्रश्न साधा आहे. कुलूप लावायचं, ते कुणापासून?

घराच्या दाराला कुलूप लावताना उत्तर ठरलेलं असतं. चोर बाहेरचा. फोनचं कुलूप ज्यांनी तयार केलं त्यांच्याही डोळ्यांसमोर हाच बाहेरचा चोर होता. लोकलच्या गर्दीत फोन मारणारा, एसटी स्टँडवर पिशवीतून काढून घेणारा. त्याच्यापुढे बोटाच्या ठशाचं कुलूप खरोखरच चांगलं आहे. २०१३ साली ॲपल कंपनीने आपल्या आयफोनमध्ये बोटाचा ठसा आणला आणि २०१७ साली चेहरा आणला. कंपनीचा हिशोब असा, की एखाद्या अनोळखी माणसाचं बोट तुमच्या फोनला चालून जाण्याची शक्यता ५०,००० मध्ये १, आणि अनोळखी चेहरा चालून जाण्याची शक्यता १० लाखांत १. यातल्या 'अनोळखी' या शब्दाखाली एक रेघ मारून ठेवा. हा सगळा हिशोब अनोळखी माणसाचा आहे. जुळी भावंडं, एकमेकांसारखी दिसणारी सख्खी भावंडं आणि लहान मुलं यांच्या बाबतीत तो चुकू शकतो, हे कंपनीच सांगते.

आपल्या केंद्रात येणाऱ्या बाया ज्या माणसाबद्दल बोलतात, तो अनोळखी नसतो. तो त्याच घरात जेवतो, त्याच खोलीत झोपतो. कुंपणच शेत खातं म्हणतात, तशी गत. अशा वेळी कुलूप किती मजबूत आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो. किल्ली कुठे ठेवली आहे, हा प्रश्न पहिला.

केंद्रात आलेले तीन प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिली बाई शिक्षिका. घरात मारहाण होती. माहेरच्यांशी आणि आमच्याशी बोलून तिने वेगळं राहायची तयारी चालवली होती. भाड्याची खोली बघणं, मुलाच्या शाळेचा दाखला, बँकेतलं वेगळं खातं, सगळं फोनवरून चाललेलं. फोनला बोटाचं कुलूप होतं, त्यामुळे ती निर्धास्त होती. नवऱ्याला मात्र प्रत्येक गोष्ट ठाऊक होती. रात्री ती गाढ झोपली, की तो तिचंच बोट हळूच फोनला लावायचा. खोली ठरण्याआधीच कपाटातले तिचे दागिने आणि सर्टिफिकिटं गायब झाली.

दुसरी बाई बांधकामावर जाणारी. सिमेंट कालवून कालवून बोटं झिजलेली. नवा फोन घेतला तेव्हा तिचा ठसा लागेना. मुलगा म्हणाला, "आई, तुझं बोट लागतच नाही, माझं लावून ठेवतो." त्या वेळी त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. यूपीआयचा पिनही त्यानेच ठरवून दिला. पुढे तो मोबाइलवरच्या जुगाराच्या नादी लागला, तेव्हा आईच्या खात्याच्या दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात आधीपासूनच होत्या.

तिसरी कॉलेजातली मुलगी. तिच्या फोनला चेहऱ्याचं कुलूप. तिचा भाऊ फोन उचलायचा, तिच्या तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचा, "बघ इकडे." एवढंच. फोन उघडायचा.

या तिन्ही ठिकाणी कुणी कुलूप फोडलं नाही. कुणी कॉम्प्युटरचं ज्ञान वापरलं नाही. कुलपाने आपलं काम चोख केलं. त्याला सांगितलं होतं, हे बोट आलं की उघड, हा चेहरा आला की उघड. ते बोट त्या बाईने आपणहून टेकवलं की झोपेत कुणी टेकवलं, हे कुलपाला कळत नाही. तिने मनापासून बघितलं की धाकाने बघितलं, तेही कळत नाही. तिचं शरीर हजर आहे एवढंच ते तपासतं. तिची संमती आहे की नाही, हे ते तपासत नाही. शरीर हजर आहे म्हणजे संमती आहे, असं धरून चालणं आपल्या चळवळीला काही नवीन नाही. त्याच्याशी आपण किती वर्षं भांडतो आहोत.

हे फक्त पुरुष करतात असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोहाहून बालीला निघालेल्या एका विमानात एका बाईने झोपलेल्या नवऱ्याचा अंगठा लावून त्याचा फोन उघडला. त्यात जे दिसलं त्यावरून इतकी भांडणं झाली, की विमान चेन्नईला उतरवून त्या कुटुंबाला खाली उतरवावं लागलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीची म्हणून छापली. मला त्यात गंमत वाटत नाही. झोपलेल्या माणसाचं बोट वापरता येतं, हे त्यातून लख्ख दिसतं. आपल्या घरांमध्ये सत्ता कुणाच्या हातात असते ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ही सोय बहुतेक वेळा कुणाच्या कामी येते, हेही माहीत आहे.

आता थोडं अंगठ्याबद्दल. अंगठ्याशी आपलं, म्हणजे बायांचं आणि गरिबांचं, नातं जुनं आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा कागदावर उमटवून घेतला. हा नंतर शब्द फिरवेल, म्हणून. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं सरकारी कार्यालय निघालं. म्हणजे ठसा घेण्याची रीत सुरू झाली ती साहेबाला आपली ओळख पटावी म्हणून. आपलं काही राखलं जावं म्हणून नव्हे. पुढे सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून किती जणांची शेतं गेली, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तर साक्षरतेच्या वर्गात आपण बायांना सांगत होतो, अंगठा नको, सही शिका. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव म्हाताऱ्या बाया पाटीवर आपलं नाव गिरवत बसलेल्या आपण पाहिल्या आहेत. सही करता येणं याचा अर्थ, कागद वाचून मनात ठरवून हात चालवणं.

आणि आता पुन्हा अंगठा आला. या वेळी तो आधुनिक म्हणून आला. २०१० साली देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका बाईला मिळाला. तेव्हापासून रेशनच्या दुकानात अंगठा, बँक मित्राकडे अंगठा, आणि आता हातातल्या फोनवरही अंगठा. शेतात राबणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायांची बोटं झिजतात आणि मशीन त्यांना ओळखत नाही, हा अनुभव इथल्या निम्म्या जणींना असेल. शिवाय जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून, आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात ठिकठिकाणी नोंदले गेले आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट फुटलं तर दुसरं कुठून आणणार?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. कुलपाच्या किल्ल्या दोन प्रकारच्या असतात. एक किल्ली अंगावर असते, म्हणजे बोट किंवा चेहरा. दुसरी किल्ली डोक्यात असते, म्हणजे पिन किंवा पासवर्ड. अंगावरची किल्ली, जो कुणी अंगाला हात लावू शकतो त्याची आहे. डोक्यातली किल्ली आपण सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. तुम्ही म्हणाल, मारून-झोडून पासवर्डही काढून घेतात. घेतात, हे खरं आहे. पण त्यासाठी समोरच्याला मागावं लागतं. आपल्यावर जबरदस्ती झाली हे त्या बाईला कळतं, ती ते केंद्रात येऊन सांगू शकते. झोपेत लावलेल्या बोटाचा तिला पत्ताच नसतो. महिनोन् महिने तिचं सगळं वाचलं जातं आणि ती आपली सुरक्षित आहोत असं समजून चालते.

आता बटणांकडे येऊ.

पहिली गोष्ट, फोनमध्ये एकाच माणसाचा ठसा असतो असं नाही. बहुतेक फोनमध्ये चार-पाच ठसे नोंदवता येतात. ते ठसे फोटो म्हणून साठवलेले नसतात. फोनच्या आत एका बंदिस्त भागात त्यांचं गणिती रूप असतं आणि ते बाहेर जात नाही. ही चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की बँकेचं ॲप किंवा व्हॉट्सॲप जेव्हा बोट मागतं, तेव्हा फोन त्या ॲपला फक्त 'जुळलं' किंवा 'नाही जुळलं' एवढंच सांगतो. कुणाचं बोट जुळलं, हे सांगत नाही. म्हणजे मुलाचा ठसा तुमच्या फोनमध्ये नोंदलेला असेल, तर फोनच्या दृष्टीने तो मुलगा म्हणजे तुम्हीच. तेव्हा घरी गेल्यावर सेटिंगमध्ये जाऊन किती ठसे आहेत ते मोजा. आपले किती, परके किती. शंका असेल तर सगळे पुसून फक्त आपले पुन्हा नोंदवा.

दुसरी गोष्ट, ठशाच्या मागे नेहमी एक पिन असतो आणि तो पिन ही मूळ किल्ली आहे. पिन माहीत असणारा माणूस नवा ठसा नोंदवू शकतो, जुना काढू शकतो, बऱ्याचशा ॲपांची कुलपं उघडू शकतो. जुन्या वाड्यात सासूच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा ना, तसा हा जुडगा आहे. चार आकडी पिनचे १०,००० प्रकार होतात, सहा आकडी पिनचे १० लाख. पण मुलाची जन्मतारीख, लग्नाची तारीख किंवा गाडीचा नंबर ठेवला तर त्या लाखांचा काही उपयोग नाही, कारण घरातला माणूस पहिल्यांदा तेच घालून बघतो. रेघ ओढून काढायचा पॅटर्न शेजारी बसलेल्याला सहज दिसतो, आणि काचेवर बोटाच्या तेलकटपणाची खूणही राहते. म्हणून पॅटर्नपेक्षा सहा आकडी पिन बरा.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची. महागड्या आयफोनमध्ये चेहरा ओळखताना डोळे उघडे आहेत की नाही हे पाहिलं जातं. आपल्यापैकी बहुतेकींकडे असतात त्या स्वस्त फोनमध्ये मात्र समोरच्या साध्या कॅमेऱ्यावरच भागवलेलं असतं. असे अनेक फोन चेहरा नोंदवताना स्वतःच सूचना दाखवतात, की तुमच्यासारखी दिसणारी व्यक्ती किंवा तुमचा फोटोही हे कुलूप उघडू शकेल. ती सूचना न वाचता आपण 'पुढे' दाबतो. ज्या घरात पाळत आहे त्या घरात अशा फोनवर चेहऱ्याचं कुलूप ठेवू नये.

चौथी गोष्ट, अंगावरची किल्ली गरजेपुरती बंद करता येते. फोन बंद करून पुन्हा चालू केला, तर पहिल्यांदा पिनच मागतो, बोट चालत नाही. ज्या बाईला बोटाची सवय सोडायची नाही, तिने झोपताना फोन बंद करून पुन्हा चालू करून ठेवला तरी रात्रीपुरतं काम होतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करण्याचं बटण दाबून धरलं, की 'लॉकडाउन' असा एक पर्याय येतो, त्यानेही हेच होतं.

पाचवी गोष्ट, पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवू नका. व्हॉट्सॲपला २०१९ पासून ठशाचं कुलूप लावता येतं आणि २०२३ पासून एकेका संभाषणालाही वेगळं कुलूप लावता येतं. पण 'जोडलेली उपकरणं' या यादीत नवऱ्याचा कॉम्प्युटर असेल, तर फोनला कितीही कुलपं लावा, तो तिकडे बसून सगळं वाचतो. ती यादी दर महिन्याला बघा. गुगलच्या खात्याचा पासवर्ड फोन घेऊन देणाऱ्याने बनवला असेल, तर फोटो, नंबर, तुम्ही कुठे आहात, हे सगळं त्याला दुसरीकडून दिसू शकतं. बंद फोनच्या पडद्यावरही मेसेज आणि ओटीपी झळकतात, ते लपवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे जातो, म्हणून सिमलाही पिन लावता येतो. तो मात्र तीन वेळा चुकला तर सिम अडकतं, हे लक्षात ठेवा.

सहावी गोष्ट पैशाची. २०२४ साली आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेतून महिन्याला १५०० रुपये बायांच्या बँक खात्यात यायला लागले. पैसे तिच्या नावावर आले, पण फोन कुणाच्या हातात आणि पिन कुणाच्या डोक्यात, यावर ते तिचे की नाही हे ठरतं. यूपीआयचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. २०२५ पासून यूपीआयच्या लहान रकमांच्या व्यवहारांत पिनऐवजी बोट किंवा चेहरा वापरण्याची सोय आली आहे. ती घेतलीच पाहिजे असं नाही. दुकानदाराला ती सोय सोयीची वाटेल. तुमच्या घरात ती सोयीची आहे का, ते तुम्ही ठरवा. आधारचे ठसेही आधारच्या ॲपवरून बंद करून ठेवता येतात आणि रेशनला जाताना तात्पुरते उघडता येतात.

हे सगळं सांगितलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. नवरा-बायकोत कसलं आलंय कुलूप? लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे? मैत्रिणींनो, आपल्या आज्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या. ते काही पाप लपवायला नाही ठेवायच्या. मुलाच्या औषधाला, लेकीच्या पुस्तकाला, अडीअडचणीला कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून ठेवायच्या. बहिणीशी बोललेलं, डॉक्टरणीला विचारलेलं, एखादीने विश्वासाने आपल्याला सांगितलेलं दुःख, यात लपवण्यासारखं काही नसतं, पण ते आपलं असतं. आणि नवऱ्याचा फोन बघायला मागितला तर काय उत्तर मिळतं, हे ज्या त्या बाईने आपल्या घरापुरतं आठवून बघावं. दोघांनी राजीखुशीने एकमेकांना पिन सांगितले असतील तर माझं काही म्हणणं नाही. सांगण्याची मोकळीक असणं आणि न सांगण्याची सोय नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायदाही आता आपल्या बाजूने काही बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लग्न झालं म्हणून तो संपतो असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. २०२५ साली छत्तीसगड उच्च न्यायालयाने म्हटलं, की नवरा बायकोवर तिच्या मोबाइलचा किंवा बँकेचा पासवर्ड देण्याची सक्ती करू शकत नाही, आणि अशी सक्ती कौटुंबिक हिंसाही ठरू शकते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळ धरलेलाच आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्त्रीच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात पाठलाग म्हणून मोडतं.

पण कायद्यावर डोळे मिटून विसंबू नका. १९६१ साली मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी सांगितलं, की आरोपीचा बोटाचा ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. शरीरावरची खूण आणि मनातली माहिती यांच्यात न्यायालयाने तेव्हाच फरक केला होता. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं फोनचं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकेल असा निकाल दिला. म्हणजे चोरून मिळवलेलं नेहमीच फेकून दिलं जाईल, असं धरून चालता येणार नाही.

आता एक गोष्ट जरा आपल्याकडे बोट दाखवणारी. आपल्यातल्या कितीतरी जणी आई आहेत. मुलगी दहावी-अकरावीत गेली, की तिचा फोन आपण तपासतो. काळजीपोटी तपासतो, पण मुलाचा तितका तपासतो का? जी मुलगी घरी 'माझा पिन मी सांगणार नाही' म्हणू शकली नाही, ती पुढे मित्राला, नवऱ्याला तसं कसं म्हणणार? पोरीशी बोला, तिला धोके सांगा, अडचण आली तर माझ्याकडे ये, मी ओरडणार नाही, असं सांगा. तिच्या फोनमध्ये चोरून डोकावण्यापेक्षा हे अवघड आहे, पण उपयोगाचं आहे. आणि फोन काढून घेण्याची धमकी देऊ नका. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला फोन असलेल्या बाया देशात ५४ टक्के निघाल्या. ज्या मुलीच्या हातात तो आला आहे, तिच्या हातातून तो जायला नको.

केंद्रात काम करणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ही सर्वांत महत्त्वाची. हिंसा असलेल्या घरातल्या बाईला 'आजच पासवर्ड बदल' असं सांगून मोकळं होऊ नका. ज्याला रोज सगळं वाचायची सवय झाली आहे, त्याला एके दिवशी फोन उघडला नाही तर तो काय करेल याचा अंदाज आधी तिलाच विचारा. तो अंदाज तिच्याइतका कुणालाच नसतो. कधी कधी जुना फोन आहे तसाच ठेवून, बोलण्यासाठी बहिणीचा, शेजारणीचा किंवा केंद्राचा फोन वापरणं जास्त शहाणपणाचं असतं. पाळतीचे पुरावे, मेसेज, पैसे गेल्याची नोंद, पुसण्याआधी दुसरीकडे उतरवून ठेवा. घर सोडायचा दिवस, जायची जागा आणि सोबतीला कोण, हे ठरलं की मग सगळे पासवर्ड एका बैठकीत, परक्या नजरेआड, बदला. मदतीसाठी १८१ हा महिलांचा क्रमांक आहे, पैसे गेले तर १९३० वर ताबडतोब कळवायचं असतं आणि जिवाला धोका असेल तर ११२.

माझी गटांना एक विनंती आहे. हप्ते गोळा करायला आपण महिन्यातून एकदा बसतोच. पुढच्या बैठकीत पासबुकांसोबत फोनही समोर ठेवा. ज्यांना येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना शिकवायचं, पण दुसरीच्या फोनला हात न लावता. बोटाने दाखवायचं, दाबायचं तिचं तिने. वेळ लागेल, चालेल. पिन ठरवताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. ज्या आजीला आकडे ओळखता येत नाहीत, तिला आधी शून्य ते नऊ शिकवा. सही शिकवताना आपण जेवढा धीर धरला होता, तेवढाच इथेही धरावा लागेल. ते दहा आकडे तिच्या डोक्यात बसले, की त्यातले कुठले सहा आणि कुठल्या क्रमाने, हे ती ठरवेल, आणि ते आपल्यालाही विचारायचं नाही.

एवढं बोलून थांबते. आता प्रश्न विचारा, आणि ज्यांना आपले ठसे मोजायचे आहेत त्यांनी फोन बाहेर काढा.